नाकारलेल्या ओळी

हिउमा बेटावरून रात्री दोनला फाइल येते.
एकच. रक्तपेढीची.
नावात तारीख, आणि तारखेनंतर
हेल्वेच्या आडनावाचं पहिलं अक्षर,
जे कुणी मागितलं नव्हतं.

इकडे तार्तूत, सर्व्हरच्या दाराशी
किल्लीला किल्ली ओळखू येते, दार किलकिलं होतं,
फाइल आत येऊन फोल्डरमध्ये टेकते,
दवाखान्याच्या बाकावर बसावं तशी,
मांडीवर पिशवी घेऊन.

वीस वर्षं ती तशीच उजाडेपर्यंत बसायची.
आठला कुणीतरी यायचं, ओला कोट काढायचं,
कॉफी ठेवायचं, मग तिच्याकडे वळायचं.
मला सांगितलं: हे ताटकळणं बंद कर.

म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला.
तो दर तीस सेकंदांनी फोल्डरमध्ये डोकावतो,
फाइल दिसली की तिची शिवण उसवतो
आणि ओळ न् ओळ सुटी करून प्रवाहात सोडतो.
एक ओळ, एक पिशवी, एक मेसेज:
ओ निगेटिव्ह, साडेचारशे मिली, अमुक तारखेपर्यंत.
प्रत्येकीला क्रमांक; मागून येऊन कुणी पुढे घुसायचं नाही.
पार्नूचं इस्पितळ वाचतं, ताल्लिनचं वाचतं,
आणि वाचली म्हणून ओळ संपत नाही,
पुढच्यासाठी तिथेच असते, सात दिवस.
मला हे फार आवडलं होतं.

नोव्हेंबरात एकदा
अर्ध्या लिहिलेल्या फाइलला मी पूर्ण समजलो.
बेटावर वारा सुटलेला, नेटचा धागा बारीक झालेला,
त्रेसष्टपैकी एकेचाळीस ओळी उतरल्या होत्या
आणि माझा प्रोग्रॅम उतावळा.
पहाटे, बावीस पिशव्या कमी दिसतात म्हणून
इथून बावीस पिशव्यांची पेटी बोटीवर चढली.
हेल्वेचा फोन आला. रागावली नाही.
"माझं लिहून झालं नव्हतं हो अजून," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून ती फाइल भलत्याच नावाने पाठवायची,
शेवटची ओळ उतरली की मगच खरं नाव द्यायची.
बारशाआधी हाक मारायची नाही,
प्रोग्रॅमला मी इतकंच शिकवलं.

पण तळाशी ती एक ओळ जास्त लिहायची.
"बंदरात बर्फ धरलाय. उद्या फेरी नाही."
"नवा डॉक्टर कॉफी पीत नाही. बघू किती टिकतो."
"आज अख्खी शाळा रक्त द्यायला. म्हणजे शिक्षक.
मुलं बाहेर, खिडकीला नाकं लावून."
प्रोग्रॅमला यात रक्तगट सापडायचा नाही.
नाकारलेल्यांसाठी एक वेगळा प्रवाह असतो,
तिथे तो या ओळी टाकून द्यायचा.
राइवो म्हणाला, चाळणी लाव, दोन मिनिटांचं काम.
मी म्हटलं, लावतो.
आणि रोज सकाळी सगळ्यात आधी
तेच उघडत राहिलो.

एप्रिलच्या शेवटच्या रात्रीची ओळ:
"उद्यापासून मर्ले पाठवेल. फाइलचं नाव बदलायचं
तिला शिकवलंय. बर्फ गेला."

मुदत वाढवता आली असती,
एक आकडा बदलायचा होता फक्त.
सातव्या रात्री मी तिथेच होतो, माझ्याच खुर्चीत,
दुसरंच काहीतरी दुरुस्त करत.
आठव्या दिवशी तो प्रवाह रिकामा,
आलेख सरळ, हिरवा. राइवो खूश.

मर्लेच्या फाइली स्वच्छ असतात.
बरोबर दोनला येतात, बरोबर संपतात.
चाळणी मी अजून लावलेली नाही.
तारखेनंतर मात्र ते अक्षर अजून हेल्वेचंच आहे.
मर्लेला वाटतं, तो नियमच असावा.
मी तिला काही बोललो नाही.