अंगठ्याचा गोंद

देनिझ्लीत डिसेंबरच्या शेवटी
टीव्हीवर एक आकडा येतो
आणि टॉवेलच्या कारखान्यात
शिलाईच्या मशिनी एकदम गप्प होतात.
किमान वेतन वाढलं.
माझ्या शेजारची गुल्तेन टाळी वाजवते.
मी बोटांवर मोजते: भाडं, गॅस, ओरचुनचे बूट.
करंगळीपर्यंत पोचायच्या आधीच आकडा संपतो.

संध्याकाळी घरमालकाचा निरोप:
अभिनंदन जानेवारीपासून भाडं वाढेल.
मधे स्वल्पविरामसुद्धा नाही.

कोपऱ्यावरचा हायरी चहाचा ग्लास पुढे सरकवतो.
दीड लिरा जास्त.
"पोऱ्याला वाढवून द्यावे लागणार, बाई,
तुमच्या त्या आकड्यापायी."
खोटं बोलत नाही तो. पोऱ्या मागे ग्लास विसळतोय,
त्याचे कान लाल झालेत.
मी विचारते, हायरी,
उन्हाळाभर माझा पगार झोपला होता
तेव्हा तुझा चहा कुणाच्या खांद्यावर बसून
जिना चढत होता?
तो बशीत साखरेचा एक खडा जास्त ठेवतो.
त्याचे पैसे लावत नाही.
अजून तरी.

माझा भाऊ तुंजाय सुपरमार्केटात रात्रपाळीला.
त्याचाही पगार तोच, वाढही तीच.
आकडा आला की त्याला जादा काम मिळतं:
जुन्या किमतींवर नव्या किमती चिकटवायच्या.
पहाटे येतो, अंगठा गोंदाने काळा,
म्हणतो, ताई,
आज माझी पगारवाढ मीच
चीजच्या डब्यांखाली चिकटवून आलो.

आणि खिशातून काढतो
फळीच्या कडेवरून निघालेला लेबलांचा थर,
बाकलाव्यासारखा, पापुद्र्यावर पापुद्रा.

ओरचुन न्याहारी सोडून नखाने सोलत बसतो.
नोव्हेंबरखाली ऑगस्ट, ऑगस्टखाली मे,
मग महिने पुसट, नुसती वर्षं.
तळाशी फिकट शाई,
तो जन्मला त्या सालची किंमत.
इतकी लहान, की तो हसतो.
"आई, तेव्हा आपण श्रीमंत होतो?"

नाही रे.
तेव्हाही वीस तारखेला पैसे संपायचे.

"आणि आता?"

जानेवारीत बहुतेक चोविसापर्यंत पुरतील.
चार दिवस म्हणजे काही थोडे नाहीत,
चार दिवस अंडी.
फेब्रुवारीचं मला नको विचारू,
मामाच्या अंगठ्याला विचार.