कानाडोळा

बादलीमागे तीस डॉलर घेतो लोवेल,
आणि फाटकाशीच सांगून टाकतो :
आत काय निघेल त्याची हमी नाही.
मग आम्ही उतरतो ओढ्यात, गुडघाभर बुटांत,
मी पुढे, अर्डिथ मागे,
आणि काठाच्या निळ्या-करड्या मातीतून
फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखे डोकावणारे
ते कुरूप गोटे.

हे आयोवा.
मक्याखाली माती, मातीखाली एके काळचा समुद्र,
असं पाटीवर लिहिलंय. समुद्र मी पाहिलेला नाही.
मी पाहिली मिसिसिपी,
धरणाच्या दारांवर बसून, एकतीस वर्षं,
बार्ज वर घेताना, खाली सोडताना.
टगबोटींच्या भोंग्यांनी माझे कान खाल्ले,
हळूहळू, कडेकडेने,
उंदराने पाव खावा तसे.
आधी रातकिडे गेले. मग किटलीची शिट्टी.
मग अर्डिथच्या वाक्यांचे शेवट.
(ती म्हणते, सुरुवाती तरी तू कधी ऐकल्यास?)

जिओड ओळखायचा तो कानानेच.
हाताला हलका लागला, तर कानाशी धरून हलवायचा.
आत एखादा स्फटिक सुटलेला असेल
तर खुळ् वाजतो,
वाळल्या शेंगेत एकच दाणा उरावा तसा.
गप्प गोटा परत पाण्यात.

जूनमध्ये मी पंधरा गोटे हलवले.
पंधराच्या पंधरा गोटे गप्प नसतात.

या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही.
तिच्यापुढे गोटा धरला, म्हणालो, तू बघ गं,
माझे हात ओले आहेत.
तिनं केस मागे सारले, गोटा कानाशी नेला,
डोळे मिटले.
"वाजतोय."
उन्हाळाभर असंच. "वाजतोय."
"हाही." "हा तर चांगलाच."
बादली भरायची. तीस डॉलर.

गॅरेजमध्ये नळ कापायचं साखळीचं हत्यार आहे,
मेहुण्याचं, ड्वेनचं, त्यानं परत मागितलं नाही.
साखळी गोट्याभोवती घ्यायची,
दांडा आवळत न्यायचा,
आणि गोटा कंटाळल्यासारखा आपणहून दुभंगतो.
भरीव.
दुसरा. भरीव.
करड्या गारेचा गच्च गोळा,
सुई शिरायला जागा नाही.
अठरा भरीव गोटे ओळीनं मांडून
मी रंगाच्या डब्यावर बसलो.

घरातून टीव्हीचा आवाज येत होता.
मला.
इथपर्यंत.
आत ती एकटीच होती.

बोललो काही नाही.
अठरा गोट्यांची कड केली
तिच्या पिओनींच्या वाफ्याला.
तिनं वाफा पाहिला. गोटेही पाहिले असणार,
नजर तिची घारीची आहे.
म्हणाली, माती जरा जास्त घाल.

पुढच्या रविवारी परत ओढा.
हात माझे कोरडे होते, तिला दिसत होतं.
तरी गोटा दिला. तरी तिनं डोळे मिटले.
"वाजतोय," म्हणाली.
मी बादलीत टाकला.

तो दुभंगला तेव्हा आवाज झाला असणार,
मला तळहातात कळला.
आतून काळं, दाट काहीतरी
फरशीवर ओघळलं,
आणि गॅरेजभर पेट्रोल पंपाचा वास.
म्हातारे बोलायचे अशा गोट्यांबद्दल,
मी थापा समजायचो.
हाक मारायला वळलो
तर ती दारात उभी, नाकाला फडकं लावून.
काय जाळलंस, ते ओठांवर वाचलं.

मी बोट घालून दाखवलं.
तिनं बाही वर सारली, बोट घातलं,
चटकन मागे घेतलं.
काळ्याखाली टोकं होती.
बोटाकडे बघत ती काहीतरी म्हणाली.
मी म्हणालो, हो.