पाटीची मागची बाजू

इतवारीत, भांडे ओळीच्या तोंडाशी माझं दुकान.
कप, ढाली, रबरी शिक्के,
आणि धंदा बसला की कुकरच्या झाकणांवर नावं.

यंदा देशभरच्या टीव्हीवाल्यांचा पुरस्कार सोहळा
नागपुरात ठरला, आणि त्रेचाळीस पितळी पाट्या माझ्याकडे आल्या.
सर्वोत्कृष्ट मालिका. सर्वोत्कृष्ट सासू,
(त्यांनी शब्द वेगळा वापरला होता)
सर्वोत्कृष्ट चर्चा, जिच्यात कोणी कोणाचं ऐकत नाही.
यादी आणणारी मुलगी मुंबईची. म्हणाली,
काका, एक अक्षर इकडचं तिकडं नको,
आणि कोणाला सांगायचं नाही.
म्हणजे चार दिवस
कोण जिंकलं हे ठाऊक असलेल्यांत मी होतो,
आणि माझा गुणवंता,
ज्याला वाचता येतं, पण तो वाचत नाही.

एकतिसावी पाटी:
वृत्तांकन, विशेष पुरस्कार. चक्रधर पराठे.

अरे, हा तर आपला पराते!
गोळीबार चौकातला. आजोबांचा हातमाग होता.
गेल्या मे महिन्यात माझ्या बोर्डाला बॅटऱ्या लावून
पंख्याखाली शर्ट वाळवायचा.
सत्तेचाळीस अंशांत पुलांखाली मेलेल्यांची
नावं शोधत होता तेव्हा.
दवाखान्याच्या रजिस्टरात लिहिलेलं:
अनोळखी पुरुष, अंदाजे पन्नास.
अनोळखी स्त्री, अंदाजे चाळीस, मनगटावर गोंदण.
ते गोंदण मोबाइलवर दाखवत
तो कामठीपासून हिंगण्यापर्यंत फिरला, सतरा दिवस.
नऊ नावं मिळाली.
चॅनेलनं आठ मिनिटं दाखवलं.
नावं नवव्या मिनिटात होती.

मुलीला फोन केला.
काका, यादी लॉक झालीये.
पण पराठा खातात हो, मी म्हटलं.
ती हसली. फोन ठेवला.

मशीननं पराठे कोरलं. चकचकीत, सरळ.
रात्री शटर अर्धं ओढलं,
पाटी उलटी केली,
आणि बाबांची छिन्नी काढली.
कितीक वर्षांनी हातानं अक्षर पाडत होतो.
चक्रधर नीट आलं. पराते लिहिताना
त जरासा वाकला, जसा माणूस दारातून आत येताना वाकतो.
मग लाकडाला चिकटवली.
पराठे आत, गोंदात.
पराते बाहेर.

सोहळा चार किलोमीटरवर होता,
मी दुकानातल्या टीव्हीवर पाहिला.
निवेदिका म्हणाली, अनाम मृतांना चेहरा देणारे
चक्रधर पराठे!
कोणी उठेना.
कॅमेऱ्यानं पहिल्या रांगेतला एक जाडा गृहस्थ दाखवला,
तो बिचारा टाळ्या वाजवत होता.
मग मागून, पार मागून, पराते आला. तोच शर्ट.
ट्रॉफी घेतली, पाटीवर अंगठा फिरवला,
थांबला.
माइकमध्ये म्हणाला, अनाम नव्हते ते,
आणि नावं घ्यायला लागला.
झनकलाल उईके. बुधराम नेताम.
सु…
तेवढ्यात संगीत वाजलं.
मग कूलरची जाहिरात.

दुसऱ्या दिवशी आला, ट्रॉफी कापडी थैलीत.
काय हेडाऊ, हे हातचं आहे ना बे?
मशीन बंद पडली होती, मी म्हटलं.
त वाकडा आला.
करून देऊ काय सरळ?
राहू दे ना.

पंख्याखाली बसला. गुणवंतानं पाणी दिलं.
रस्त्यावर कोणीतरी पातेली उतरवत होतं,
तो आवाज संपेपर्यंत आम्ही गप्प.

मग मी बिलबुक उलटं केलं, कोरी बाजू वर.
काल ते सु म्हणजे कोण होतं?
सुकरती, तो म्हणाला. सुकरती धुर्वे. गोंदणवाली.
ती पहिली की दुसरी?
दुसरी, म्हणाला,
आणि खुर्ची जवळ ओढली.