सहासष्ट

कोळशाची पूड, जर्दाळूच्या बियांचं तेल,
एक ब्रश, तोही लहान मुलांच्या रंगपेटीतला.
हापिसातने जीभ बाहेर काढली
आणि मी ती काळी केली.
दाराशी सुना उभ्या. "डॉक्टरीण आहे का ही?"
"नाही," म्हातारी काळ्या जिभेने म्हणाली, "रंगारीण."

पुन्हा रंगवली.
आता एकच शब्द, एकदाच.
नंतर गिळायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही.

शब्दाचा अर्थ मध.
त्यातला मधला ध्वनी मला इथे लिहिता येत नाही.
कंठापासून ओठांपर्यंत मी एकेका वर्गाचं दार ठोठावून आले,
त्याचं बिऱ्हाड कुठेच नाही.
जीभ पार मागे टाळूला टेकते,
वारा मधून जात नाही, दाढांच्या कडेने निसटतो,
लोटलेल्या दाराच्या फटीतून मांजर जावं तसा.
वहीत त्या जागी बोटभर कोरं सोडलं आहे.

आरसा कोमट पाण्यात ठेवला होता,
वाफ धरू नये म्हणून.
गरज पडली नाही.
तिने दोन बोटांनी वरची कवळी काढली
आणि माझ्या तळहातावर ठेवली.
गुलाबी टाळूवर काळा ठसा,
डावीकडे दाट, उजवीकडे दाढांजवळ एक स्वच्छ वाट.
वारा गेला ती.
पंधरा वर्षं मी ध्वनी ऐकते आहे,
हातात घेतला तो पहिल्यांदाच.
ओला होता.

कवळी खाली शहरातल्या शाहबान डॉक्टरांची.
बसवून झाल्यावर ते म्हणाले, "सहासष्ट म्हणा."
तिने रशियनमध्ये सहासष्ट म्हटलं.
शिट्टी नाही, थुंकी नाही.
"पंचावन्न?" तेही छान.
रशियन तिच्या तोंडात नीट बसली,
पैसे दिले, डोंगर चढून घरी आली,
सुनेला म्हणाली, मध आण.
सुनेने दोर आणला.

आठ दिवस ती
तो ध्वनी नसलेल्या शब्दांतच बोलली.
त्यांत मीठ होतं, चूल होती,
शिव्या जवळजवळ सगळ्या होत्या.
मेलेल्या नवऱ्याचं नाव नव्हतं.

नवव्या दिवशी विळ्याला धार लावायचा दगड घेतला
आणि उजव्या दाढेजवळची कड घासायला बसली.
घासायची, तोंडात घालायची, नाव घ्यायची,
काढायची, परत घासायची.
दिवेलागणीला नाव आलं.
"मग?" मी विचारलं.
"मग काय. पाच-सहा वेळा घेतलं. मेंढ्या बांधायच्या होत्या."

रात्री कानाला हेडफोन लावून मी वीस वेळा ऐकलं:
मध, दोर, दोर, मध.
अकरा बरोबर.
नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढेच आले असते.
नात झुमरुद, शहरात वाढलेली, चौदा.
"समोर असती तर वीस आले असते," ती म्हणाली,
"आजी बोलते तेव्हा मी तिच्या गालाकडे बघते."

झुमरुदचं बाळ सहा महिन्यांचं.
ध्वनी बदलला की आम्ही लाकडी घोडा नाचवायचो.
थोड्या वेळाने ते
घोडा हलायच्या आधीच वळून बघायला लागलं,
मध झाला की, दोर झाला की.
यातलं काय ऐकायचं नाही
हे त्याला अजून कोणी शिकवलेलं नाही.

निघताना हापिसातने माझं नाव विचारलं.
निळू.
"निरू."
नाही, ळ. जीभ वर, अशी उलटी.
मी आ करून दाखवलं, तिने वाकून पाहिलं,
विहिरीत पडलेला तांब्या बघावा तसं.
"निरू."
कवळी काढून म्हणाली, "निरू."
कवळी घालून म्हणाली, "निरू."
मग तिची नजर कोपऱ्यातल्या दगडाकडे गेली
आणि मी घाईघाईने म्हटलं,
निरू चालेल.