आधी कंदील

औरादच्या शाळेत वादविवाद होता :
अंतराळात माणूस पाठवावा की यंत्र.
बिरादार सरांनी मला परीक्षक नेमलं.
माझा काय संबंध, म्हणलं.
तर म्हणाले, बोअरमध्ये कॅमेरा सोडतोस,
तालुक्यात तुझ्याइतकं खोल कोण बघतं?

आठवीतला एक पोरगा आकडे घेऊन आला होता.
यंत्राला भाकर लागत नाही, म्हणाला,
हवा लागत नाही, झोप लागत नाही,
आणि सगळ्यात महाग असते ती परतीची वाट,
तीही लागत नाही.

खरं बोलत होता.
साडेसहा इंचाच्या भोकात माणूस मावत नाही.
माझा कॅमेरा चारशे दहा फूट उतरतो,
काळा दगड, मग तांबडा पट्टा, मग पुन्हा काळा,
कुठं तरी कपारीला घामासारखी ओल,
आणि मी वर जीपच्या सावलीत पडद्यासमोर,
फुटामागं पैसे घेत.
गेल्या चैत्रात निलंग्याकडं एक कॅमेरा अडकला.
तासभर ओढलं, मग केबल कापली.
हप्ते अजून अकरा बाकी आहेत,
पण त्या दिवशी मी चहा पिऊन घरी आलो
आणि जेवलो.

माझा बाप सायन्ना. आम्ही वडार.
साठ हात खाली बसून तो दगडाला गाल लावायचा,
कधी जीभ.
तीन हात उगवतीला फोडा, म्हणायचा.
हलगऱ्याच्या दोन विहिरी त्याच्या बोलण्यावर कोरड्या गेल्या,
हेही सांगायला पाहिजे.
बाकीच्यांचं पाणी अजून आहे.
त्याच्या छातीत मात्र धूळ उरली.
खोकतो तेव्हा घर थांबतं.

हे मी बोललो नाही. परीक्षकानं बोलायचं नसतं.

मग मागच्या बाकावरून,
नाव न दिलेली, कुठल्याच बाजूची नसलेली
आफरीन उठली :
काका, विहिरीत आधी कोण उतरायचं?

कंदील, मी म्हणलं.
आधी कंदील सोडायचा.
विझला की लिंबाचे डहाळे बांधून
खालीवर, खालीवर हवा घुसळायची.
पुन्हा कंदील.
जळत राहिला, की बाप तळहातावर थुंकून दोर धरायचा.

कंदिलाचा दोर मी धरायचो, सात वर्षांचा,
एका हातानं, दुसऱ्या हातात बोरं.
बापाच्या दोराला चार माणसं लागायची,
आणि ते चौघं
तो वर येईस्तोवर बोलायचे नाहीत.

ती म्हणाली, मग हे भांडण कशाचं?
सरांनी घंटा वाजवली.

पहिला नंबर आकड्यांच्या पोराला दिला.
त्याचं चुकलं नव्हतं.
आफरीनसाठी कागदावर रकानाच नव्हता.

संध्याकाळी कासारशिरसीला नवं बोअर.
तीनशे फुटांवर कपार ओली दिसली.
मालकीण शेवंताबाई जवळ आली,
काय दिसूलालंय रं?
पाझर हाय मावशी, म्हणलं, हे बघा, पडद्यावर.

तिनं पडद्याकडं बघितलंच नाही.
गुडघे टेकले, पदर आवरला,
भोकाच्या तोंडाशी दोन्ही हातांची ओंजळ करून
आत हाक मारली, ओऽऽऽ,
आणि कान लावून बसली.

मी इंजिन बंद केलं.