पाच पेरांचा शब्द

बोरगावच्या मळ्यात बेण्याची मोळी सोडून
मी टिपऱ्या तोडत होतो, दोन डोळ्यांची एकेक.
तेजल बांधावर वही घेऊन बसलेली,
लांबलांब शब्दांवर पेन्सिलीनं उभ्या रेघा मारत.
म्हणाली, आबा, माझं पण तेच चाललंय.

अ । पेन । डि । साय । टिस.
पाच पेरं.
माझं पोट मिरजेत फाडलं तेव्हा
आम्ही नुसतं पेंडिक्स म्हणून मोकळे झालो होतो.

कोळेकर सर सांगतात म्हणे,
तोडणं सोपं, जोर कुठं द्यायचा ते अवघड.
आपल्यात सगळी अक्षरं एका पंगतीला,
ज्याला त्याला सारखी आमटी.
त्यांच्यात एकच अक्षर जावई,
बाकीची वाढपी.

मी म्हणालो, म्हणजे डोळा.
कोंब डोळ्यातनंच येतो,
कोयता त्याच्यावर बसला की टिपरी वाया.
पण उसाला पेरागणिक डोळा असतो,
शब्दाला एकच मोठा? गरीब पीक.

तिनं ऐकलंच नाही. डोळे मिटून म्हणाली,
अपेनडि-साय-टिस,
आणि 'साय'वर असा जोर दिला
की मला चुलीवरचं दूध आठवलं.

फोटोग्राफचं मात्र मला पटलं नाही.
नुसता फोटोग्राफ असला तर जोर 'फो'वर,
फोटो काढणारा आला की तो पुढं सरकतो:
फ-टॉ-ग्र-फर.
एक पेर वाढलं म्हणून डोळा जागा सोडतो?
उसानं असं केलं तर कारखाना बंद पडेल.
ती हसली. दिवस मावळेपर्यंत
मी सात सऱ्या लावल्या,
तिनं बावीस शब्द.

आता ती मिरजेला, नर्सिंगच्या होस्टेलात.
रविवारी फोन येतो.
मी विचारतो, बरी हायस का?
ती म्हणते, बरी आहे.
चार अक्षरं, नेहमीची पंगत.
परवा मात्र 'आहे'तला आ
तिनं जरा जास्त वेळ धरून ठेवला,
मग सोडला.

मी काही बोललो नाही.
तिच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर
ते दोन शब्द तोडून बघितले,
रेघा मारून, पेन्सिलीनंच.
मग शेजारच्या कंडक्टरला हाक मारून
सकाळच्या मिरज एष्टीची वेळ विचारली.