अकरा

मिरकरवाड्याच्या खळ्यात जवळा पसरते.
सकाळचे नऊ, वाळू आत्ताच चटका देते.
दुपारपर्यंत सगळं ऊन पिऊन
जवळा कडकडीत, मुठीत चुरणारा.

रिपोर्टात सुफियानचा आकडा अकरा.
पाहिजे होते तीस.
"दिवसभर उन्हातच असतो हो,"
मी म्हटलं, चोरी पकडल्यासारखी.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर घेवड्याचे दोन दाणे काढले:
ऊन पडतं कातडीवर,
कामाचं होतं ते इथे.
आणि इथूनच गळतंय.

रोज पहाटे काचेची नळी मेणबत्तीवर धरते.
दही धरल्यासारखं झालं तर वहीत दोन प्लस.
नितळ राहिलं
तर शून्य काढताना हात थरथरतो.

रविवारी दुधात ती पुडी.
दुधाची मिशी पुसत विचारतो,
"ह्यात ऊन आहे? मग गार कसं?"

मीठ त्याला बंद.
जवळ्याची चटणी आम्ही दार लावून खातो.
तो बाहेर, सुजल्या डोळ्यांनी कावळे हाकत.

सदरा काढ म्हणते, बस थोडा वेळ.
जवळा उलटा करते एका टोकापासून,
त्याच्यापर्यंत पोचते, आणि त्याच सुरात तोंडातून जातं:
वळ रे,
आता ह्या अंगावर.